भावजींचा हात जिथे जाणार नाही

पहिलं यंत्र सापडलं त्या दिवशी माझ्या धाकट्या दिराने ते जेवणाच्या टेबलावर, सासूबाईंच्या ताटाशेजारी आणून ठेवलं. म्हणाला, "वहिनी, तुमचा ताईत गळून पडला होता गाडीत."

काळ्या प्लॅस्टिकचा, काड्यापेटीएवढा डबा. त्यातून दोन वायरी लोंबत होत्या. गाडी कुठे आहे ते माझ्या मोबाइलवर दाखवणारं ते यंत्र मी माजिवड्याच्या एका इलेक्ट्रिशियनकडून स्टिअरिंगखाली बसवून घेतलं होतं. जो माणूस रोज बॉनेट उघडून स्वतः ऑइल बघतो, त्याच्या बॅटरीला वायर जोडायची म्हणजे चोराच्याच खिशात पैसे लपवायचे. तेवढी अक्कल मला तेव्हा नव्हती.

"घरच्या माणसाच्या गळ्यात पट्टा बांधतेस?" सासूबाईंनी हातातला घास खाली ठेवला. "कुत्रा आहे का तो?"

"असू दे गं आई. कुत्रा निदान इमानी असतो. वहिनींना माझ्यात तेवढंही दिसत नाही," दीर म्हणाला आणि वर भात मागून घेतला.

माझे यजमान ताटात बघत होते. ते कायमच ताटात बघत आले आहेत. सासूबाईंनी मला देवासमोर उभं केलं आणि दिराची माफी मागायला लावली. मी मागितली. मागताना मी पुढचं यंत्र कुठलं घ्यायचं याचा विचार करत होते.

गाडी माझी होती. कागदावर नव्हती, पण माझी होती. डोंबिवलीला पूर्वेत माझं पोळीभाजी केंद्र आहे. जिन्याखाली एका स्टोव्हवर सुरू केलेलं, आज हाताखाली बायका आहेत. त्या पोळ्यांतून मी एक जुनी सतरा सीटर घेतली, आतल्या सीटा काढून दोन पलंग, ओटा, बेसिन आणि मागे टॉयलेट बसवून तिची कॅम्परव्हॅन केली. माणसं ती भाड्याने घेतात, कुटुंब घेऊन कोकणात जातात, गाडीतच राहतात, गाडीतच रांधतात. बँकेला पगाराची स्लिप हवी होती आणि ती तेव्हा घरात फक्त दिराकडे होती. म्हणून कर्ज त्याच्या नावावर, गाडी त्याच्या नावावर, हप्ते माझे. पुढे त्याची कंपनी बंद पडली आणि गाडी चालवायलाही तोच बसला.

गाडी तयार होऊन सोसायटीच्या गेटात आली त्या सकाळी मला पाळी आली. त्या वयात ती कधी यायची, कधी नाही. नेमकी त्या दिवशी आली. सासूबाईंनी मला बाथरूमच्या दारातच गाठलं. "तू खाली येऊ नकोस हां. नव्या गाडीला विटाळ नको." धाकट्या जावेने गाडी ओवाळली, दिराने नारळ फोडला, सगळ्यांनी आत बसून फोटो काढले. मी वरून, खिडकीचे गज धरून बघितलं. दिराने मान वर करून हात केला. दुकानाचा मालक पायरीवरच्या भिकाऱ्याला करतो ना, पुढे जा म्हणून, तसा. ती माझी शेवटची पाळी ठरली. नंतर आलीच नाही.

संशय आला तो सिलिंडरवरून. गाडी माजिवड्याला गॅरेजमध्ये होती असं दीर सांगायचा, आणि परत आली की आतला छोटा सिलिंडर हलका लागायचा. जन्मभर सिलिंडर ओढलेत मी. गॅरेजमध्ये उभ्या गाडीत कोण स्वयंपाक करतं? हे विचारलं तर घरात मीच संशयी, मीच हलक्या मनाची. म्हणून यंत्र बसवलं, आणि त्याचं काय झालं ते सांगितलंच.

दुसरं यंत्र घ्यायला मी कल्याणला गेले. स्टेशनबाहेरच्या गल्लीत मोबाइलवाल्यांची रांग आहे, त्यातला एक दुकानदार रिकामा बसलेला दिसला. रिकाम्या दुकानात भाव लवकर उतरतो.

"कशासाठी पाहिजे ताई? स्कूटरसाठी की मिस्टरांसाठी?"

"मिस्टर कुठे जात नाहीत. मोठ्या गाडीसाठी."

त्याने आधी एक बिल्ल्यासारखी चकती काढली. सगळ्यात स्वस्त. जवळपास कोणाचा मोबाइल असेल तरच तिचा पत्ता लागतो म्हणाला.

"आणि घाटात? तिथे कोणाचा मोबाइल, माकडाचा?"

तो हसला आणि दुसरं दाखवलं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खुपसायचं. ते मी हातातही घेतलं नाही. तिसरं मात्र कामाचं होतं. स्वतःची बॅटरी, स्वतःचं सिमकार्ड, वायर नाही. गाडी उभी असली की झोपतं, हलली की जागं होतं. चार्ज केलं की बरेच दिवस चालतं.

"फक्त लोखंडाच्या पेटीत ठेवू नका ताई. चारी बाजूंनी पत्रा आला तर याला आभाळ दिसत नाही. कापड, प्लाय, प्लॅस्टिक, काही हरकत नाही. खिडकीजवळ असेल तर बेस्ट."

त्याने भाव सांगितला. मी निम्मा सांगितला.

"निम्म्यात नुसता डबा येईल."

"मग डबाच दे. आत काय आहे ते मला कुठे दिसतंय?"

मी उठले, पायरी उतरले, शेजारच्या दुकानाच्या काचेला नाक लावलं. मागून हाक आलीच. "या, या. बोहनी आहे म्हणून देतो."

"दुपारी तीनला कसली रे बोहनी?"

"तुमच्यासारखं गिऱ्हाईक आल्यावर दुसरं काय म्हणू?"

स्वस्तात मिळालं. आता लपवायचं कुठे? आतलं सगळं काम सुताराच्या डोक्यावर उभं राहून दिरानेच करून घेतलेलं. पलंगाखाली त्याची स्टेपनी आणि जॅक. ओट्यामागची गॅसची नळी तो दर फेरीला तपासायचा. पडद्याच्या वरच्या फळीत त्याची टॉर्च. टॉयलेटच्या छतातसुद्धा त्याने पकड ठेवली होती. पहिलं यंत्र सापडल्यापासून तर तो आठवड्याला गाडी उलटीपालटी करत होता. मी मागच्या पलंगावर बसून जागा शोधायचं सोडून दिलं आणि फक्त त्याचा हात आठवला. हा हात कुठे जात नाही?

टॉयलेटच्या दाराशी, मागच्या खिडकीखाली प्लायचं एक छोटं कपाट होतं. त्यात गिऱ्हाईक बायकांसाठी मी सॅनिटरी पॅडचं मोठं पाकीट ठेवायची. एकदा ब्रेक लागून ते खाली पडलं, तर दिराने गाडी सोसायटीत आणून उभी केली आणि ते उचलायला वरून बायकोला बोलावलं. तोवर हा बाहेर, गाडीकडे पाठ करून.

पाकिटाचा तळ ब्लेडने कापला, मधल्या दोन पॅडमध्ये यंत्र बसवलं आणि वरून चिकटपट्टी लावली. ज्या विटाळाने मला माझ्या गाडीपासून लांब ठेवलं होतं, त्याला मी कामाला लावलं.

पुढच्या रविवारी त्याने मेकॅनिक आणून गाडी खालपासून तपासली. मी दोघांना चहा नेला.

"काही सापडलं का भावजी?"

"नाही."

"शोधा, शोधा. माझा काय भरवसा?"

पाकीट जागचं हललं नव्हतं. गाडी झाडायच्या निमित्ताने मी यंत्र काढायची, चार्ज करायची, परत ठेवायची. आणि मोबाइलवर बघायची. दीर सांगायचा माजिवडा, ठिपका असायचा अलिबागला. दीर सांगायचा क्लच प्लेट, ठिपका समुद्राला लागून मुक्कामाला. भाडं परस्पर त्याच्या खिशात. मी गप्प. एकदा बोलून देवासमोर उभी राहिलेली होते. या वेळी त्याला नाकातोंडात पाणी जाईपर्यंत आत जाऊ द्यायचं होतं.

मग एका सकाळी ठिपका शीळफाट्याला थांबला. दुसऱ्या दिवशीही तिथेच. मी फोन केला.

"कुठे आहात भावजी?"

"माजिवड्याला. ब्रेक लायनर बदलतोय. संध्याकाळ होईल."

शीळफाट्याला त्या जागी जुन्या गाड्यांचा बाजार आहे. मी घरातलं कपाट उघडलं. गाडीची मूळ कागदपत्रं जागेवर नव्हती. त्या कपाटाच्या किल्ल्या दोनच, एक माझ्या कमरेला आणि एक सासूबाईंच्या उशीखाली. त्या पलंगावर जपमाळ घेऊन बसल्या होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी डोळे मिटून घेतले. मी रिक्षा केली.

बाजारात गाडी ऊन खात उभी होती. डीलर प्लॅस्टिकच्या खुर्चीत, दीर त्याच्याशेजारी कटिंग घेऊन. मला बघून त्याचा चहा गुडघ्यावर सांडला.

"वहिनी! तुम्ही इथे?"

"ब्रेक लायनर बघायला आले."

गाडी त्याच्या नावावर. पोलिसांत जाऊन उपयोग नाही, ओरडून तर मुळीच नाही. मला येतं ते मी केलं. डीलरकडे वळून भाव पाडायला बसले. "दादा, मागच्या कोपऱ्यात छप्पर गळतं, वरून रंग मारलाय, नीट बघा. टॉयलेटची टाकी वळणावर सुटते. आतलं प्लाय स्वस्तातलं आहे, मीच आणलंय. आणि हप्ते अजून चालू आहेत, ते सांगितलं का यांनी?"

"बाई, तुम्ही कोण?"

"हप्ते भरणारी."

डीलर उठला. कागदपत्रं दिराच्या मांडीवर टाकली. "घरची भांडणं मी विकत घेत नाही. आधी आपसात मिटवा."

तो ऑफिसात गेला तसा दिराला जोर आला. "गाडी माझ्या नावावर आहे. आईचीपण संमती आहे. काय करणार आहात तुम्ही?"

मी गाडीत चढले, पाकीट घेऊन उतरले आणि तिथल्या सगळ्या मेकॅनिक, दलालांसमोर ते फाडलं. पॅड मातीत पडले. यंत्र बाहेर काढून पाकिटासकट त्याच्यापुढे धरलं.

"घ्या भावजी. ताईत. हातात घ्या."

तो मागे सरकला. मी पुढे गेले. टायरला पाठ लागली तेव्हा थांबला आणि मान वळवली. दलाल खिदळत होते. "घ्या ना, एवढं शोधत होतात."

मग मी आवाज उतरवला. "रविवारी तुमच्या पोरीला बघायला येतायत ना? सगळ्या फेऱ्या मोबाइलमध्ये आहेत. मुलाच्या आईला दाखवते, मुलीचा बाप कुठे असतो आणि कुठे आहे म्हणून सांगतो."

"वहिनी, तिला मध्ये आणू नका. तुमच्या अंगाखांद्यावर वाढली ती."

वाढली हे खरं. माझ्या हातची गरम पोळी लागायची तिला, जावेची चालायची नाही. मला ती पोर आवडते. तरी मी सांगितलं असतं. ते त्याला माझ्या तोंडाकडे बघून कळलं आणि तो टायरला टेकून रडायला लागला. मला दया आली नाही. खिडकीतून बघितलेला तो हात आठवत होता.

पाकीट मी डॅशबोर्डवर ठेवलं, त्याच्या नजरेसमोर, आणि त्यालाच गाडी चालवत डोंबिवलीला न्यायला लावली. रविवारच्या आत त्याने सगळ्या कागदांवर सह्या केल्या. पुढे गाडी माझ्या नावावर झाली. पोरीचं लग्न ठरलं, पोळ्या माझ्या केंद्रातून गेल्या.

ड्रायव्हर दुसराही मिळाला असता. मला हाच हवा होता, पगारी. पाकीट आता डॅशबोर्डवरच असतं. ते उचलायचं नाही, एवढी एकच अट मी त्याला घातली आहे.

यंदा गणपतीला सासूबाईंना गावी जायचं होतं. गुडघे गेलेले, एसटी झेपत नाही, वाटेत दोनदोनदा टॉयलेट लागतं. मी म्हटलं, आपली गाडी आहे की. सोसायटीच्या गेटात दिराने त्यांना हाताला धरून चढवलं. बसल्यावर त्यांची नजर पुढे गेली.

"ते तिथे कशाला ठेवलंयस?"

"गाडीला नजर लागू नये म्हणून."

त्या गुडघ्यांवर हात ठेवून बसल्या. दिराने आरशातून आईकडे बघितलं आणि अगदी सावकाश गिअर टाकला.

मी म्हटलं, "चला भावजी. खड्डे चुकवत बसू नका, उशीर होतो."