माह्या घरची पन्नी

हे मी आजवर कोणाजवळ काढलं नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. देवापुढं हात जोडते तेव्हाही नाही — तिथं मी डोळे मिटून भलतंच काही मागत असते. मग तुमाले काहून सांगून राहिली? तुम्ही माह्या गावचे नाही म्हणून. बाईच्या अंगात हिंमत आली असं काही समजू नका.

आमचं गाव एकोडी, साकोली तालुक्यातलं. चहूकडं धानाचे बांध, मधात तलाव, आणि तलावाच्या पारीवर, म्हणजे काठाच्या भरावावर, पन्न्या. तुम्ही प्लास्टिकची पिशवी म्हणत असाल, आमच्याकडं पन्नीच म्हणतात. निळ्या, गुलाबी, काळ्या, बाभळीच्या काट्याले लटकलेल्या. त्या दिसल्या का माहं डोकं सटकते. काय येत नाही पन्नीत? दूध पन्नीत, तेल पन्नीत, शाम्पू पन्नीत, पोरांचे चिप्स पन्नीत. अगरबत्तीच्या पुड्यावर पन्नी, पुडा उघडला तर आत आणखी एक पन्नी. म्हणजे देवाच्या नावानंही कचराच विकत घ्यायचा. बनवणारे बनवून राहिले, विकणारे विकून राहिले, घेणारे बोटात अडकवून मजेत घरी चालले. आणि निस्तरायचं कोणी? जनावरांनी?

हा राग खरा होता माहा. ते आधीच सांगून ठेवते. पुढचं ऐकून तुमाले वाटेल, ही बाई नुसतं नाटक करत होती. नाटक असतं तर परवडलं असतं.

मी गावातल्या महिला बचत गटाची अध्यक्ष. साकोलीले ट्रेनिंग घेऊन आली आणि मागंच लागली गावाच्या. घरोघरची जुनी लुगडी गोळा केली, मशीनवर बसून थैल्या शिवल्या, वाटल्या. किराण्याच्या दुकानासमोर उभी राहायची आणि पन्नी घेऊन निघालेल्या बाईले तिथंच अडवायची. चारचौघांत बोलायची. लाज वाटली पाहिजे, असं म्हणायची. मागून लोक मले पन्नीवाली ताई म्हणत. मले ते आवडत होतं. खोटं कायले बोलू?

माहं सगळ्यात आधी ऐकलं ते सुमननं. बसस्टॉपजवळ तिचा आलुबोंड्याचा ठेला होता, त्यावरच तिचं घर चालत होतं. नवरा होता, पण नसल्यासारखाच. पार्सलची चटणी ती छोट्या पन्नीत बांधून द्यायची. मी तिच्या मागं लागली, पळसाच्या पानाचे द्रोण लावाले शिकवलं. तिनं पन्न्या बंद केल्या. गिऱ्हाईक कुरकुरले, चटणी सांडते म्हणाले, तिनं ऐकलं नाही. ताईले शब्द दिला आहे, म्हणायची. हे लक्षात ठेवा. मले माहीत होतं, तिनं पन्न्या सोडल्या होत्या — कोणाहीपेक्षा जास्त मलेच माहीत होतं.

आता माह्या घरचं सांगते.

आमच्याकडं शिळा भात, भाजीची साल, उरलंसुरलं गाईले टाकायची रीत आहे. पुण्य लागते म्हणतात. माही सासू हे सगळं टोपलीत नेऊन सांदवाडीच्या दगडावर उपडं करायची, गाय खाऊन गेली का दगड धुवायची. सांदवाडी म्हणजे घराची मागची बाजू. सासू गेली, टोपली मोडली, आणि मी — मी पन्नीत भरू लागली. दुधाच्या, तेलाच्या, साखरेच्या घरात आलेल्या पन्न्या होत्याच. त्यात भात भरायचा, चिंधीनं तोंड बांधायचं आणि मागच्या भिंतीवरून भिरकावून द्यायचं. दुपारी गल्ली सामसूम असते तेव्हा. गाय येते, फाडून खाते. गाईच्या मुखात गेलं, पुण्य लागलं. पन्नी उपडी काहून नाही केली? हात बरबटले असते. बस, एवढंच. दुसरं कारण शोधून शोधून थकली, सापडलं नाही.

गावभर बायांच्या हातातल्या पन्न्या हिसकणारी मी, आणि भिंतीमागं हे. किती दिवस चाललं? मोजून काय करता. गाय मरेपर्यंत चाललं.

देवरावची गाय होती. गाभण. पोट फुगलं, खाणं सुटलं, उठेना. साकोलीवरून जनावरांचा डॉक्टर आला तोवर गेली होती. देवराव म्हणजे कधी आवाज चढवून न बोलणारा माणूस, त्या दिवशी तलावाच्या पारीवर बसून लहान लेकरासारखा रडला. डॉक्टर म्हणाला, पोट फाडून पाहू, गावालेही कळू द्या. मी म्हटलं, फाडाच. मीच म्हटलं. लोकांले बोलावून आणलं मीच. मले वाटलं, आता तरी यांचे डोळे उघडतील.

पोटातून गोळा निघाला पन्न्यांचा. आवळून घट्ट झालेला, घमेलं भरून. डॉक्टर काठीनं उलटसुलट करून दाखवत होता. आणि मले त्यात हिरवं दिसलं. हिरव्या काठाची चिंधी, दोन गाठी मारलेली. थैल्या शिवताना लुगड्याचे काठ उरत, त्याच्या चिंध्या मी घरी ठेवत होती. पन्नीचं तोंड बांधाले.

कोणाच्या ध्यानात आलं नाही. चिखलात, शेणात माखलेलं, कोण पाहते. मी पाहिलं. एक नाही, आणखीही होत्या. मग मी काय केलं माहीत आहे? डॉक्टरच्या हातातली काठी मागून घेतली, लोकांले नीट दाखवते म्हणून, आणि तो गोळा चिंध्यांच्या बाजूनं मातीत पालथा दाबला.

देवरावनं विचारलं, "कोनाच्या पन्न्या हायेत ह्या? सांगा ना कोनी त." मी सुमनकडं पाहिलं. नुसतं पाहिलं असतं तरी चाललं असतं, मी बोललीही. म्हटलं, "पन्नीत चटणी बांधून गावभर कोण देत होतं, ते माह्या तोंडानं कायले वदवता?"

सुमन गडबडून गेली. "ताई, मी त आता द्रोणातच देते ना. तुमीच त शिकवलं."

आणि मी — ट्रेनिंग घेतलेली बाई — तिले समजावून सांगितलं. शांतपणे. पन्नी पोटात कुजत नाही, आज खाल्लेली नाही, जुनी असते ती, तशीच साचत जाते. गोष्ट खरी होती. खऱ्या गोष्टीनं मी तिले मारलं. ती माह्या तोंडाकडं पाहत राहिली आणि मग तिची मान खाली गेली. तिले पटलं होतं. ताई सांगते म्हणजे खरंच असेल. मी म्हटलं, लवकर पुरा आता, वास येऊन राहिला. घरी आली आणि उरलेल्या हिरव्या चिंध्या चुलीत घातल्या.

गाय मारली त्या बाईच्या हातचं कोण खाईल? सुमनची कढई थंड पडली. आधी शेजारपाजारच्यांनी सोडलं, मग बसवाल्यांनी. ठेल्याची ताडपत्री निघाली आणि ती नागपूरले गेली, कोणत्यातरी मेसमध्ये भांडे घासाले. मी अडवलं नाही. इकडं साकोलीले माहा सत्कार झाला, गाव पन्नीमुक्त केलं म्हणून. शाल दिली, नारळ दिला, आणि फुलांचा गुच्छ दिला — चकचकीत पन्नीत गुंडाळलेला. मी तो हसून घेतला. फोटो काढला. ती शाल पाहिली का आजही मले स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटते, आणि मी मारत नाही. घडी घालून ठेवते.

दिवाळीनंतर आमच्याकडं मंडई भरते, म्हणजे गावची जत्राच. बाहेर गेलेली माणसं गावात येतात, नाटक होते, पाहुणे जेवतात. यंदा सुमनही आली. सरळ माह्या घरी. वाळली होती, बोटं फुगलेली. घरात आम्ही दोघीच. मी चहा ठेवला, कप पुढं केला. तिनं तो हळूच मागं सारला.

"दुधाचा चालत नाही ताई."

मले वाटलं पित्त झालं असेल. तसं विचारलंही.

"नाही. तवापासून गाईचं दूध तोंडाले लावलं नाही मी. गाभन गाय गेली ना माह्या पन्न्यानं. पवनीले जाऊन वैनगंगेत बुडी मारून आली, तरी मन मानत नाही. तुमी आधीपासून सांगून राहिल्या होत्या. मीच उशिरा ऐकलं."

दार बंद होतं. ऐकणारं कोणी नव्हतं. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं — सुमन, ती पन्नी माह्या घरची होती. तिनं शिव्या घातल्या असत्या, गावभर सांगितलं असतं, तोंडावर थुंकली असती. झालं असतं मोकळं. माह्यासाठी नाही, तिच्यासाठी. दोन घोट दुधाचा चहा प्याली असती बिचारी.

मी म्हटलं, "जाऊ दे सुमन. झालं ते झालं. मी मनात काही ठेवलं नाही."

तिचे डोळे भरून आले. खाली वाकली आणि माह्या पाया पडली. मी पाय मागं घेतले नाही.