दानियलच्या बेसचे दोन पिकअप

आमच्या नवापूरकडच्या डोंगरात लग्नाचा बँड टेम्पोवर चढला की कुणी हळू वाजवत नाही. सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवायची, हीच रीत. डोंगराला ऐकू गेलं नाही तर लग्न कसलं?

त्या गजराच्या तळाशी सव्वीस वर्षं दानियल गावित उभा आहे. त्याची बेस गिटार घामानं रंग उडालेली, मानेवर अंगठ्याचा खळगा पडलेली. नाचणारे तिच्याकडे बघत नाहीत, पण त्यांचे पाय तिचंच ऐकतात.

यंदा तिचे पिकअप गंजून खरखरू लागले. तारांखालचे हे दोन चुंबकी पट्टे तारेचा थरकाप पकडून स्पीकरला देतात. दानियलनं सुरतेहून नवे आणवले आणि बाजारात मोबाईल-स्पीकर दुरुस्त करणाऱ्या चुनीलाल मेकॅनिककडून बसवून घेतले. चुनीलालनं पहिल्या पिकअपचं बटण उघडून वाजवलं. ते बंद करून दुसऱ्याचं उघडलं. दोन्ही गरजले.

लग्नात मात्र दानियलनं रीतीप्रमाणे दोन्ही बटणं पूर्ण फिरवली आणि बेस मेला. रिकामा पत्र्याचा डबा वाजावा तसा आवाज. नाच विस्कटला. बँडमालक जेठ्या माईकवरूनच म्हणाला, "दानियलकाका, जेवला नाहीत का आज?"

सगळं लग्न हसलं.

दुसऱ्या दिवशी दानियल दुकानात गेला. चुनीलालनं पुन्हा एकेक बटण उघडून दाखवलं. "पिकअप एक नंबर शे, दानियलभाऊ. तुन्हा हातच म्हातारा व्हयी गया!"

जेठ्या तिथंच चहा पीत होता. "काका, रविवारी कीबोर्डवालाच बेस वाजवेल. तुम्ही आराम करा."

दानियलनं गिटार उचलून खांद्याला लावली. मोहाच्या झाडाच्या पोकळ खोडात विस्तव धुमसतो, तसा त्याचा राग. बाहेर धूर नाही, आत सगळं लाल.

घरी त्यानं गिटार खाटेवर आपटली. बायको सुसाना म्हणाली, "फोडणार आहेस का आता?"

"फोडीन. आधी तिला विचारू दे."

घरातल्या जुन्या स्पीकरला जोडून एक बटण उघडलं, गर्जना. दुसरं, गर्जना. दोन्ही एकदम, डबा. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. आमच्या नाचात कमरेला हात घालून रांग पुढं सरकते. त्यात एकानं मागं पाऊल टाकलं की शेजाऱ्याचाही जोर जागीच मरतो. हे दोघे पिकअप तसेच नाचत होते! मेकॅनिकनं एकाच्या दोन वायरी उलट्या जोडल्या होत्या, आणि म्हातारे ठरले होते दानियलचे हात.

त्यानं चुलीत लोखंडी सळई तापवली, जोडावरचा कथलाचा डाग वितळवला, एकाच पिकअपची काळी वायर पांढरीच्या जागी नेली, पांढरी काळीच्या.

शनिवारी, भर दुपारी, चुनीलालच्या दुकानातल्या सगळ्यात मोठ्या स्पीकरला त्यानं न विचारता गिटार जोडली. दोन्ही बटणं पूर्ण. पहिल्याच सुराला फळीवरचे मोबाईल थरथरले. रस्त्यावरची माणसं दारात जमली. जेठ्याही आला.

"बसा भाऊ, चहा लेवा," चुनीलाल पुटपुटला.

"तुझा चहा तूच पी. आणि यांना सांग, कुणाचे हात चुकले."

चुनीलालनं खाली मान घालून सांगितलं. तेव्हा कुणी हसलं नाही.

"रविवारी या ना काका," जेठ्या म्हणाला.

"येईन. पण आधी माईकवर सांगायचं, चूक वायरींची होती. हसवलंस त्याच माईकवर. आणि तुझ्या कीबोर्डवाल्याला म्हणावं, खालच्या सुरांना हात लावायचा नाही."

त्यानं वायर उपटली. दुकान एकदम मुकं झालं. राग मात्र तो तसाच, गिटारीबरोबर खांद्यावर टाकून घेऊन गेला.