दोरा तुटला हे सांगणारा माणूस

आमच्या घरी पाहुणे जमले, जेवणं उरकली, पानाचं तबक फिरलं, की कुणीतरी हमखास म्हणतं, "ती शेडची गोष्ट सांगा." मग मी सांगतो. थोडे आढेवेढे घेऊन सांगतो, कारण त्याशिवाय गोष्टीला वजन येत नाही अशी माझी समजूत आहे. एका म्हाताऱ्याच्या हाकेनं अख्खी शेड कशी बंद पडली, इथवर आलो की सगळे पोट धरून हसतात आणि मी तिथेच थांबतो. पुढचं आजवर कुणाला सांगितलं नाही. ते इथे लिहितो. कागद हसत नाही, एवढी त्याची सोय आहे.

त्या वेळी मी सोलापुरात एका लुगड्यांच्या पेढीवर दिवाणजी होतो. पेढीचे माग होते, पण पेढीवर त्यातला एकही नव्हता. सगळे विणकरांच्या घरी, जमिनीत खड्डे करून बसवलेले. मालक सूत द्यायचे, विणकर आपापल्या घरात लुगडी विणायचे आणि ते खरोखर विणतात की नाही हे बघणं माझ्याकडे होतं.

बघणं म्हणजे ऐकणं. घराची एकच खोली, तिथंच माग, तिथंच चूल, तिथंच पाळणा. बायका सुताच्या कांड्या भरत बसलेल्या. अशा घरात परक्या माणसानं उठसूट शिरणं बरं दिसत नाही. म्हणून मी छत्री टेकत बोळातून चालायचो आणि कान लावायचो. खटक-खटक ऐकू आलं की काम चालू. आणि काय सांगू, मी बोळाच्या तोंडाशी आलो की दोन्ही बाजूंचे माग एकदम वाजू लागायचे. माझी छाती फुगायची. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, "आपला दरारा आहे बरं का तिकडे."

"मग तो इकडे घेऊन या थोडा," ती म्हणाली. "सकाळपासून सांगतेय, रहाटाचा दोर बदला म्हणून."

बोळाच्या कोपऱ्यावरच्या घरात एक बाई राहायची. नवरा आमचाच विणकर. तिला भयंकर खोकला. मी जवळ आलो की बिचारीला ढास लागायची, पार दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी. मला दया आली. घरून अडुळसा आणि ज्येष्ठमध घालून केलेला काढा बाटलीत भरून मी तिला देऊ लागलो. तीही डोळे मिटून, तोंड वाकडं करून मुकाट्यानं प्यायची. थंडी सरली, उन्हाळा तापला, तरी खोकला हटेना. मी काढ्यात मिरी वाढवली.

"दिवाणजी आले" हे बोळाला कळवायची ती खूण होती, हे मला फार उशिरा समजलं. तोवर तिनं माझ्या नावानं किती कडू गिळलं असेल कोण जाणे.

त्याच बोळात, शेवटच्या घरात, एक बापलेक होते. तेलुगू बोलणारं घर. म्हाताऱ्यानं जन्मभर माग चालवला होता. आता दोन्ही डोळे गेले होते, तेव्हा मुलगा विणायचा आणि म्हातारा मागाला टेकून गोणपाटावर बसलेला असायचा. त्या घराचा आवाज मला नेहमी कोड्यात टाकायचा. खटक-खटक चालू असायचं, मधेच थांबायचं, थोडी शांतता, मग आतून म्हाताऱ्याची आरोळी, "तेगिंदी!" आणि पुन्हा खटक-खटक.

एके दिवशी न राहवून मी उंबऱ्यात जाऊन उभा राहिलो. ताण्याचा एक दोरा तुटला. मुलानं पाय थांबवले, हात वर धरला आणि नुसता बसून राहिला. तुटलेलं टोक त्याच्या नाकासमोर लोंबत होतं. म्हाताऱ्यानं मान तिरकी केली, ऐकल्यासारखं केलं आणि ओरडला, "तेगिंदी!" तुटला, असा त्याचा अर्थ.

"व्हय नायना," मुलगा बापाला म्हणाला आणि मग कुठे त्यानं दोरा जोडायला घेतला.

मी मुलाला बाहेर बोलावलं. आवाज चढवून विचारलं, "तुला दोरा तुटलेला दिसत नाही काय रे?"

"हळू बोला की, दिवाणजी." त्यानं आत पाहिलं. "दिसतंय. पन नायनाला काम पायजे. माग थांबला की त्यांना वाटतं, आपल्याला ऐकू आलं. त्यांनी सांगितलं की जेवन जातंय त्यांना."

मी छत्री उघडली. ऊन नव्हतं, पण उघडली आणि निघालो. त्या घराबद्दल मालकांना मी कधी काही बोललो नाही.

पुढे बार्शीच्या एका व्यापाऱ्याची लग्नसराईची लुगडी वेळेवर गेली नाहीत आणि मालकांचा पारा चढला. त्यांनी गावाबाहेर पत्र्याची शेड उभी केली. सगळे माग तिथे आणायचे, सकाळी भोंगा, संध्याकाळी भोंगा. "घरी बसून कामं होत नसतात, दिवाणजी. तुम्ही तरी कुठं कुठं फिराल?" मला वाटलं, माझ्या पायांची काळजी चाललीय. तसा मी भोळा.

शेवटच्या घरातला मुलगा माझ्याकडे आला. "आमचा एक माग घरात ऱ्हाऊ द्या. मी लुगडी जास्ती काढून देतो. न्हायतर नायनानं बसायचं कुटं?"

मी मालकांकडे रदबदली केली. मालक हसले. "एकाला सोडलं तर सगळेच म्हणतील. म्हाताऱ्यालाच आणा हवं तर. बसू दे मुलाशेजारी. कुणाच्या पोटावर पाय नको."

मी तरंगतच बाहेर पडलो. केवढं मिळवलं, असं वाटलं! आपल्याला लोकांची मनं कळतात, असा माझा तेव्हा पक्का समज होता. अडुळशाचं खरं अजून कळायचं होतं.

शेडच्या पहिल्या दिवशी म्हाताऱ्याला आणायला मी स्वतः गेलो. त्यानं धुतलेलं धोतर नेसलं होतं, डोक्याला लाल रुमाल बांधला होता. सुनेनं भाकरी आणि शेंगाचटणी फडक्यात बांधून त्याच्या हातात दिली. "मामा, सांभाळून हं," ती म्हणाली. तो तिला म्हणाला, "मालकानं बोलावलंय मला." शेजारच्या दारात थांबून तेच म्हणाला, पुढच्या दारातही. माझा हात धरून तो इतक्या ताठ चालत होता की मलाच त्याच्या मागे धावावं लागलं.

शेडमध्ये त्याला मुलाच्या मागाशी बसवलं. भोंगा झाला आणि सगळे माग एकदम सुरू झाले. वर पत्रा, त्यानं आवाज दुप्पट. माझ्यासारख्या डोळसालाही आपण कुठे उभे आहोत ते कळेना. म्हातारा इकडे मान वळवी, तिकडे वळवी. मुलाचा दोरा तुटला. तो थांबला, हात वर धरून वाट बघत राहिला. म्हाताऱ्याला काय कळणार? शेजारचे माग चालूच होते. शेवटी मुलानं मुकाट्यानं दोरा जोडला.

मग कुठेतरी पलीकडे, दुसऱ्याच कुणाचा माग थांबला. तो मुलाचाच समजून म्हातारा जिवाच्या आकांतानं ओरडला, "तेगिंदी!"

चार जणांनी दचकून आपापले माग थांबवले. ते थांबले म्हणून त्यानं पुन्हा हाक दिली. आणखी थांबले. "कुनाचं? कुनाचं तुटलं?" "तुजं बघ की!" बघता बघता सगळी शेड गप्प झाली आणि त्या शांततेत म्हातारा एकटाच सांगत होता, तेगिंदी, तेगिंदी. मग जो हशा उसळला! मीही हसलो. ही माझी घरी सांगायची गोष्ट.

त्यानंतर एका वात्रटानं त्याच्या आवाजाची नक्कल केली. दुसऱ्यानं त्याला उत्तर दिलं. "म्हातारबा, माजं धोतर तेगिंदी!" म्हाताऱ्यानं प्रत्येक हाकेला मान वळवली. मग वळवायची थांबवली. दुपारी भाकरीचं फडकं त्यानं सोडलं नाही. संध्याकाळी मी हात पुढे केला, तर तो म्हणाला, "मुलगा नेईल."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. नंतरही नाही. त्याची ती नक्कलही चारदोन दिवसांत विरली. राहिलं एवढंच की दोरा तुटला की त्याचा मुलगा अजूनही हात वर धरून क्षणभर थांबायचा. आता शेडमध्ये कुणी रिकामं बसत नाही ना हे बघणं माझ्याकडे होतं. तो थांबला की मी चष्मा पुसत असे.

पुढे एकदा काढ्याची बाटली घेऊन मी त्या बोळात गेलो. कोपऱ्यावरची बाई दारातच गहू निवडत बसली होती. खोकली नाही. "बरं वाटतंय आता?" मी विचारलं. "आता कशाला खोकू, दिवाणजी," ती म्हणाली आणि बाटली परत देत हसली. बोळात एकही आवाज नव्हता.

शेवटच्या घरात मागाचा खड्डा बुजवून वर सारवलं होतं. म्हातारा त्याच सारवलेल्या जागेच्या कडेला गोणपाट टाकून बसला होता. माझी छत्री त्यानं ओळखली.

"दिवाणजी, शेडात पोगू तुटतो का?" पोगू म्हणजे दोरा, एवढं मला आता येत होतं.

"तुटतो की, बाबा."

"मग सांगतं कोन?"

"कुणी नाही. तुमचा मुलगा थांबतो जरा. मग जोडतो."

"अजून थांबतो?" म्हाताऱ्याचा चेहरा उजळल्यासारखा झाला आणि लगेच तो काळजीत पडला. माझा हात चाचपून त्यानं धरला. "त्याला सांगा, थांबू नगं म्हनावं. मालक बघंल. तुमाला बोल लागंल."

"सांगतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेलो. दोरा तुटला, मुलानं हात वर धरला आणि बसून राहिला. निरोप माझ्या तोंडाशी आला होता. मी चष्मा काढला आणि पुसत पुढच्या मागाकडे गेलो. तो निरोप मी त्याला कधीच दिला नाही.