सफरमामांचा शेवटचा देश

सफरमामा नागपूरच्या पलीकडे कधी गेले नाहीत, पण त्यांनी पाहिलेले देश मोजले तर एकवीस भरतात. त्यातला एकही नकाशात नव्हता. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले हे माझे सख्खे मामा रायपूरच्या गुढियारीत राहायचे आणि दर गणपतीत आमच्या मराठी मंडळात एका नव्या देशाची सफर सांगायचे.

एका बेटावर म्हणे लोणच्यात आधी हिंग घालणारे आणि आधी मोहरी घालणारे एकमेकांत सोयरीक करत नसत. दुसऱ्या देशात पाहुण्याला आधी आडनाव विचारत आणि मग पाट उंच द्यायचा की बुटका, ते ठरवत. लोक पोट धरून हसत. हसणाऱ्यांत आडनाव ऐकून खोली भाड्याने देणारेही असत. मी एकदा विचारलं, "मामा, यांना कळत नाही का?" ते म्हणाले, "देश दूरचा सांगतला का माणूस सोतावर बी हासते. जवळचा सांगून पाय, मंग समजते."

रायपूर राजधानी झालं, नव्या कचेऱ्यांतली माणसं मंडळात येऊ लागली. त्या सुमारास मामांनी 'पालथा देश' सांगितला. तिथे पिकल्या केसांचे मामा तान्ह्या भाच्याच्या पायांवर डोकं ठेवतात. दूरचा कसला, ही इथल्या छत्तीसगढी घरांतली रीत. भाचा म्हणजे देव. मामांनी कंबर धरून वाकून दाखवलं, "देवा, डोक्यावर दूध ओकजो नको," म्हणाले, आणि हशा थांबेना. घरी जाताना माझ्या पाठीत धपाटा घातला. "आपण इथले असतो तर मले तुह्या पाया पडा लागलं असतं बे, पोट्ट्या!"

त्यांची एकुलती मुलगी सुनंदा हसली नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात तिने सांगितलं, ऑफिसातल्या एका छत्तीसगढी मुलाशी लग्न करायचं आहे, तो अभनपूरचा.

"काहून? आपल्यातले पोट्टे सरले का?"

ती नेहमीसारखी हिंदीत बोलली. "बाबा, आपके सारे देश झूठे थे। एक सच्चा है, तीस किलोमीटर पर। चलिए ना।"

मामा गेले नाहीत. लग्नात भाऊ म्हणून मी उभा राहिलो. पुढच्या गणपतीत मंडळाचा निरोप आला, तर म्हणाले, "देश सरले."

मी अभनपूरहून आलो की मात्र ते ओट्यावर वाट पाहत असत. मुलीचं नाव काढत नसत. विचारत, "रस्ता कसा हाये?"

"चांगला आहे. सुनंदाच्या मुलाला दोन दात आले."

"खड्डे?"

"आहेत थोडे. नाक तुमच्यासारखं आहे त्याचं."

"रस्त्याचं बोल," म्हणत आणि तोंड फिरवत. सुनंदाला मी हे प्रत्येक वेळी सांगत असे. तीही तोंड फिरवी.

हृदयाचं दुखणं निघाल्यावर एका शनिवारी त्यांनी मला बोलावलं. धुतलेलं धोतर काढून ठेवलं होतं. "उद्या ने मले. अन् जरा उभा राय." मी उभा राहिलो. ते वाकले आणि त्यांनी माझ्या पायांना हात लावला. मी चटकन मागे सरलो.

"हलू नको बे. त्या देशात जातो, तर तिथली रीत आली पायजे. तिले सांगजो नको. मीच सांगीन."

रविवारी सकाळी रिक्षा दारात उभी होती. मामा उठलेच नाहीत.

सुनंदा दुपारी आली, कडेवर मूल घेऊन. मंडळाची माणसं अंगणात दाटली होती. मी वाकलो आणि त्या मुलाच्या पायांवर डोकं ठेवलं. पालथ्या देशाला पोट धरून हसलेले सगळे तिथे होते. कोणी हसलं नाही.

"मामांनी काल मला असाच नमस्कार केला," मी म्हणालो. "आज तुझ्याकडे यायचं होतं त्यांना."

ती त्यांच्या उशाशी बसली. धोतराची घडी तशीच बाजूला होती. मग बोलली, आणि मराठीत बोलली.

"रस्ता चांगला होता, बाबा."