अप्पांच्या फियाटमधली टकटक

मंडळी, सकाळच्या पोस्टमध्ये माझी एक चूक झाली. आमच्या जुन्या फियाटच्या इंजिनातली टकटक टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हजवळच्या किरकोळ ढिलाईची आहे, काळजीचं कारण नाही, असं मी लिहिलं होतं. ते अप्पांचं, माझ्या वडिलांचं, मत होतं. मी स्वतः तपासलं नव्हतं.

दुपारी तपासलं. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. जी काढल्यावर ठोका दबेल, त्या सिलिंडरचं बेअरिंग गेलेलं असतं. जन्मभर गॅरेज चालवलेल्या अप्पांनीच हे मला शिकवलं, शाळेत जायच्याही आधी.

तिसरी वायर काढली आणि ठोका एकदम दबला.

"अप्पा, ऐकलंत?" मी मोठ्यानं विचारलं.

इंजिनावर वाकून ते म्हणाले, "काय फरक हाय त्यात? टॅपेटच हाय की. उगं भितीस लई."

मी वायर लावली, पुन्हा काढली. ते आधी माझ्या हाताकडे बघत राहिले, मग तोंडाकडे.

दारातून आई म्हणाली, "त्यांना कुकरची शिट्टी तरी कुटं ऐकू येते!"

एरवी अशा बोलण्यावर अप्पा चिडतात. आज चिडले नाहीत. त्यांना ते ऐकूच आलं नव्हतं.

रविवारी ते हीच गाडी घेऊन सांगोल्याला निघणार आहेत. बेअरिंग गेलेलं असताना इंजिन वाटेतच जाम होऊ शकतं, म्हणून मी त्यांना जाऊ देऊ शकत नाही, आणि का ते सांगायचं तर कानांचंही सांगावं लागेल. नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखणाऱ्या माणसाला हे कसं सांगायचं? तुमच्यापैकी कुणाला सांगावं लागलंय का?

मी गुरुवारी सकाळी, चहाच्या वेळी सांगणार आहे.