निळ्या रेषेबाहेरचं घर

मी स्वभावाने खडूस. दुसऱ्याच्या नकाशात चूक सापडली की मला चेव यायचा. बुलढाण्याच्या कार्यालयात जन्मभर नकाशे काढले आणि हाताखालच्या पोरांना शिस्तीवर व्याख्यानं दिली. त्यामुळे पुढचं लिहिताना माझीच मला लाज वाटते.

धाडच्या बाजूला नदीकाठी एक गाव आहे. माझी थोरली बहीण तिथे दिलेली. त्या गावात पूर ओसरला की पुजारी देवळाच्या भिंतीवर, पाणी चढलं होतं तिथे, गेरूची आडवी रेघ ओढतो. जुनी रीत आहे. पुराचा पक्का सर्व्हे झाला नव्हता, म्हणून गावातल्या खुणांवरून तात्पुरती निळी पूररेषा आखायचं काम माझ्याकडे आलं. रेषेच्या आत, म्हणजे नदीच्या बाजूला, घर बांधायला परवानगी नाही, बाहेर मिळते, एवढा साधा नियम.

मी देवळासमोर टेप धरला. सगळ्यात वरची रेघ जमिनीपासून जेमतेम गुडघाभर भरली. म्हातारा पुजारी शेजारीच उभा होता. "साहेब, हे रेघ पयले माह्या डोक्याच्या वर होती," तो म्हणाला.

"तेव्हा तुम्ही लहान होता, महाराज," मी म्हणालो. सगळे हसले. तोही हसला.

कार्यालयात येऊन मी जुन्या नकाशातली देवळासमोरच्या जमिनीची उंची घेतली, त्यात गुडघाभर मिळवलं आणि निळी रेषा ओढली. देखणी आली होती. सपाट काठावर हातभर उंचीचा फरक म्हणजे आख्खी आळी आत किंवा बाहेर, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

ताईचा प्लॉट रेषेबाहेर आला. भाऊजी नुकतेच शाळेतून निवृत्त झाले होते. "साळेबुवा, बांधू काय मंग?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "बिनधास्त बांधा." घर झालं तेव्हा त्यांनी नकाशाची प्रत तसबीर करून बैठकीत लावली. येईल त्याला दाखवायचे.

पूर आला तो भर दुपारी. शेजारपाजारचे लोक पोरंबाळं घेऊन उंचावरच्या शाळेकडे निघाले. भाऊजी घरातच राहिले. "तू हो पुढं," ते ताईला म्हणाले, "इथलोक पानी येत नाही. तुह्या भावानं आखेल हाय." ताई शेजारणींबरोबर गेली. ते धान्याची पोती माळ्यावर चढवत बसले. मागची भिंत पडली. दुसऱ्या दिवशी ते बाभळीच्या रांगेत सापडले.

तेराव्याला गेलो तेव्हा पुजाऱ्याने नवी रेघ ओढलेली होती. ती जुन्या वरच्या रेघेपेक्षा बोटभर खालीच होती. म्हणजे पूर काही जगावेगळा नव्हता. मी तिथेच थबकलो. देवळासमोरचा रस्ता पाण्याने कापून नेला होता आणि त्याचे थर उघडे पडले होते. वर सिमेंट, खाली खडी, मुरूम, पुन्हा मुरूम, आणि तळाशी देवळाच्या चार दगडी पायऱ्या. दर पंचायतीने रस्त्यावर भर टाकली होती. रेघ होती तिथेच राहिली आणि जमीन वर चढत गेली. मी उंची मोजली नव्या जमिनीवरून आणि मिळवली जुन्या जमिनीत. पुजारी खरं बोलत होता. मी त्याला हसलो होतो.

बुलढाणा घाटावर आहे, इथे पूर चढणं शक्य नाही. तरी बँकेत, लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्यात माझी नजर आपोआप भिंतीवर जाते आणि पाणी कुठवर येईल ते मोजते. कधी भाऊजी दिसतात, छातीभर पाण्यात, तसबिरीकडे पाहत उभे. ते रागावलेले नसतात. मला भीती त्याचीच वाटते.

कार्यालयाला मी लेखी कळवलं. रेषा बदलली. ताईला मात्र सांगितलं नाही. ती आता शाळेमागे एका खोलीत राहते. दर वेळी ठरवून जातो आणि जेवून परत येतो.

परवा गेलो तर दारात शेजारीण बसली होती. मी कोण हे तिला ठाऊक नसावं. म्हणाली, "त्या नकाशानंच घात केला, बाई." ताई ताडकन उठली. तिला इतकं चिडलेलं मी लहानपणापासून पाहिलं नव्हतं. "माह्या भावाची रेघ बराबर होती. पानीच जास्ती आलं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "सांग ना रे भाऊ हिले."

दोघी माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हणालो, "हाव. पानीच जास्ती आलं."