मल्गॅरोंची जागा

अडतीस वर्षं बार्टली मल्गॅरोनं सायकलवरून डेरीनाकारच्या दारोदार पत्रं वाटली. कोणाच्या घरात बॉस्टनहून काय येतं, कोणाकडे लिव्हरपूलहून काहीच येत नाही, हे त्याला पाकिटाच्या वजनावरून कळायचं. अशा माणसाला स्वतःच्या घराविषयी जे आख्ख्या गावाला ठाऊक होतं ते एकाहत्तराव्या वर्षी कळावं, आणि तेही भर सभेत, सँडविचच्या ताटापाशी उभं असताना, याला काय म्हणायचं? आम्ही तर त्याला काहीच म्हटलं नाही. सगळी भानगड झाली ती त्यामुळेच.

बार्टलीचं घर टेकडीच्या खांद्यावर, समुद्राकडे पाठ करून. आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयोच्या या टोकाला वारा असा वाहतो की समुद्राकडे तोंड करून घर बांधणारा एकतर वेडा असतो नाहीतर सुट्टीपुरता येणारा जर्मन. घराच्या मधोमध जुनी दगडी चूल. ती चूल म्हणजे बार्टलीचं देवघर म्हणा ना. दर उन्हाळ्यात अमेरिकेतून पाचसात मल्गॅरो मुळं शोधत यायचे, आणि पबमध्ये चौकशी केली की जो तो त्यांना सांगायचा, "मल्गॅरो? बार्टलीकडे जा. तो सगळं सांगेल."

आणि तो सांगायचा. मल्गॅरो मूळचे उत्तरेच्या डोंगरातले, एका सरदाराचे वैद्य. सरदार लढाई हरला तेव्हा चार गाई आणि औषधाचा खल घेऊन ते इकडे आले, आणि गाई जिथं दमून बसल्या तिथं त्यांनी चूल मांडली. ती हीच. मग बटाट्याच्या दुष्काळात दोन भावांपैकी एकाचंच पोट भरेल एवढं रान उरलं. थोरला टॉमस जहाजात बसला, पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या खाणीत उतरला. त्याची पोरं-नातवंडं पुढं मोंटानाच्या तांब्याच्या खाणींपर्यंत आणि पार न्यूझीलंडपर्यंत पांगली. धाकटा पाट्रिक मात्र विस्तव विझू द्यायचा नाही म्हणून मागं राहिला. "त्याच पाट्रिकचा पणतू तुमच्यापुढं उभा आहे," असं म्हणून बार्टली चुलीत टर्फचं, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीचं, एक ढेकूळ टाकायचा. धूर व्हायचा, पाहुणे डोळे पुसायचे. धुरामुळं किती आणि मायेमुळं किती, ते त्यांनाच ठाऊक.

त्याची बायको डीलिया शेजारच्या गावची. ती प्रत्येकाला चहा आणि मनुकांचा पाव द्यायची, पण गोष्ट दोन भावांपाशी आली की हटकून कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर जायची. तीच ती गोष्ट ऐकून बिचारीचे कान किटले असतील, असं बार्टली समजायचा.

सहा वर्षांपूर्वी डीलिया गेली. जाण्याआधी महिनाभर ती एकच सांगत होती, "मला नव्या दफनभूमीत ठेव, तुझ्या आईवडलांपाशी. तिथं ऊन येतं." बार्टलीनं ऐकलं नाही. पडक्या मठाच्या भिंतीला लागून मल्गॅरोंची जुनी जागा होती. शेवाळलेल्या फरशीवर आडनाव अजून वाचता येत होतं, पण दीडशे वर्षांत तिथं कोणी मातीआड झालं नव्हतं. बाप-आज्यानं ती का सोडून दिली कोण जाणे, त्यांना किंमत नव्हती, असं तो म्हणायचा. त्यानं डीलियाला तिथंच ठेवलं आणि काळा दगड बसवला. दगडावर तिचं नाव, खाली स्वतःचं, आणि स्वतःच्या नावापुढं एकच साल. त्याला मूलबाळ नव्हतं. वेळ आली की तिच्याशेजारी जाऊन पडायचं, एवढी एकच इच्छा त्यानं मागं ठेवली होती.

आणि मग सप्टेंबरात लॉरेन आली.

लॉरेन मल्गॅरो, पेनसिल्व्हेनियातली शाळामास्तरीण, पन्नाशीची, उंच, कमी बोलणारी. थेट टॉमसची खापरपणती. बरोबर एका लाकडी डबीत आईची राख होती. आईला जुन्या जागेत ठेवायचं, असं वचन तिनं दिलं होतं. बार्टलीला गगन ठेंगणं झालं. त्यानं तिला हॉटेलात जाऊच दिलं नाही. आठ दिवस ती त्याच्याकडे राहिली. त्यानं रोज कोबी आणि खारवलेलं डुकराचं मांस शिजवलं, स्वतःची खोली तिला दिली आणि आपण बाकावर झोपला. ती फोन टेबलावर ठेवून त्याचं बोलणं टिपून घ्यायची, आणि पुन्हा पुन्हा एकच विचारायची.

"मग धाकट्या भावाचं काय झालं?"

"अगं, काय होणार? राहिला इथं. घर राखलं त्यानं."

"राखलं," ती म्हणायची. "तुम्ही नक्की असंच ऐकलंय?"

"पोरी, माझ्या बापानं याच चुलीपाशी सांगितलंय मला!"

शनिवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये बार्टलीनं गाव बोलावलं. चाळीसेक माणसं, चहाचं मोठं भांडं, त्रिकोणी सँडविचं. बार्टली कोट घालून आला होता. त्यानं वैद्य, गाई, जहाज सगळं पुन्हा एकदा सांगितलं आणि म्हणाला, "आता आमची लॉरेन दोन शब्द बोलेल."

लॉरेननं पिशवीतून प्लास्टिकच्या वेष्टणात जपलेला एक कागद काढला. टॉमस मल्गॅरोनं खाणीवर पोचल्यावर एका पाद्र्याकडून लिहवून घेतलेलं पत्र होतं ते, बहिणीला धाडलेलं, पण ती तोवर वारली म्हणून परत आलेलं. लॉरेननं ते सावकाश वाचलं.

"आमचं आढं पाडायला जमीनदाराची माणसं आली, तेव्हा पहिली पहार घातली ती आपल्याच गावच्या पाट्रिक हॅन्लीनं. आई तापानं फणफणली होती, तिला गोधडीसकट बाहेर आणून टाकली. धाकटा भाऊ त्याच आठवड्यात कुंपणापाशी मेला. कारभाऱ्यानं बक्षीस म्हणून आमचं घर आणि रान हॅन्लीला दिलं. तो आता आमच्या चुलीपाशी बसतो. देव त्याला तिथंच बसवून ठेवो, आणि ऊब मात्र न देवो."

तिनं कागद परत वेष्टणात सरकवला. बार्टली आधी हसला. काहीतरी गफलत आहे, कोणीतरी उठून सांगेल, म्हणून त्यानं हॉलभर नजर फिरवली. आणि त्या नजरेतच त्याला सगळं कळून चुकलं. कोणाच्याही चेहऱ्यावर नवल नव्हतं. चाळीस माणसं आपापल्या कपात बघत होती.

तो कोट सावरत बाहेर पडला. त्याला कोणी थांबवलं नाही. थांबवायला तोंड लागतं.

रविवारी तो प्रार्थनेला गेला नाही. प्रार्थना संपल्यावर फेस्टी लायडन आला. फेस्टी म्हणजे त्याचा शाळेपासूनचा दोस्त, शेजारचं रान त्याचं. तो दारातच टोपी फिरवत उभा राहिला.

"ये, आत ये," बार्टली म्हणाला. "की हॅन्लीच्या घरात येत नाहीस?"

"बार्टली, डोकं थंड ठेव."

"तुला माहीत होतं?"

फेस्टी टोपीची कड चाचपत राहिला.

"अरे, तोंडात काय बटाटा धरलायस? माहीत होतं का?"

"सगळ्यांनाच माहीत होतं," फेस्टी म्हणाला. "गावानं तीस वर्षं तुझ्या पणजोबाशी बोलणं टाकलं होतं. त्याला मीठ कोणी दिलं नाही की विस्तव दिला नाही. त्याचं नाव तोंडात घ्यायची चोरी, म्हणून लोक नुसतं 'मल्गॅरोंच्या घरातला' म्हणायचे. पुढं नवा पाद्री आला, त्यानं पोरांच्या बाप्तिस्म्याला तेच आडनाव लिहिलं. पोरांनीही ते बरं म्हणून घेतलं. हॅन्ली म्हणवून घेण्यापेक्षा बरंच."

"आणि माझा बाप?"

"त्याला ठाऊक होतं. म्हणून तर तो मठाकडे फिरकला नाही कधी. पण माणूस भला होता रे. नंतर तुला सांगायचं कोणी? तू एवढ्या रंगात येऊन सांगायचास..."

"आणि तुम्ही अमेरिकनांना माझ्याकडे धाडायचात! पबमध्ये बसून हसायला!"

"एवढं नाही हसलो," फेस्टी म्हणाला, आणि बोलून बसल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते.

बार्टली खुर्चीत बसला. त्यानं विचारलं, "डीलियाला?"

"जाऊ दे आता."

"फेस्टी."

"लग्नाआधीच. माझ्या आईनं सांगितलं तिला. ती म्हणाली, त्याला सुखी राहू द्या, मी त्या घरात नांदेन."

चाळीस वर्षं. चाळीस वर्षं त्याच्या पाठीशी चहाची किटली घेऊन उभी राहिलेली बाई, आणि तिनंही ताकास तूर लागू दिली नाही. बार्टलीला आधी तिचा राग आला, असा की तिच्या फोटोकडे बघवेना. मग ऊन येतं म्हणाली होती ते आठवलं. तिला ऊन नको होतं, तिला परक्याच्या जागेत जायचं नव्हतं. सांगता येत नव्हतं म्हणून बिचारीनं उन्हाचं निमित्त केलं होतं. आणि त्यानं काय केलं? आडनावाच्या तोऱ्यात तिलाच नेऊन तिथं पुरलं.

"तो खड्डा तू खणलास," तो फेस्टीला म्हणाला. "तू, खालच्या घरचा कोलमन आणि तिसरा तो लोहार. जागा कोणाची ते माहीत असून खणलात. केसानं गळा कापलात रे माझा, आणि वर माझ्या घरी येऊन हॅम खाल्लात."

फेस्टी गेला. जाताना त्यानं दार हलकेच ओढून घेतलं.

दुपारी लॉरेन आली. शनिवारपासून ती कोलमनच्या बायकोकडे उतरली होती.

"आठ दिवस तुम्ही मला जेवू घातलंत," ती म्हणाली.

"आणि आठ दिवस तू ते पत्र उशाशी घेऊन माझ्या बिछान्यात झोपलीस. पहिल्या दिवशी टेबलावर ठेवता आलं नसतं? चहा गार झाला असता, एवढंच ना?"

"आईनं सांगितलं होतं, गावासमोर वाच. आमचं घर पाडलं ते गावासमोरच पाडलं होतं. मला वाटत होतं, तुम्ही जाणूनबुजून खोटं सांगताय. म्हणून तर सारखं विचारत होते." ती थांबली. "तुमचा चेहरा पाहिल्यावर कळलं मला. पण तोवर वाचून झालं होतं."

"झालं होतं," बार्टली म्हणाला.

"आईला उद्या ठेवायचंय. फादर म्हणतात, जागेच्या कागदावर तुमचं नाव आहे. तुमची संमती लागेल."

"माझी?" त्यानं तिच्या हातातला संमतीचा कागद ओढून घेतला आणि सही केली. अडतीस वर्षं पावत्यांवर केली होती तशीच सही, तेच आडनाव. दुसरी कुठली सही त्याला येत नव्हती.

आमच्याकडे मयताच्या घरचं माणूस खड्डा खणत नाही. ते काम शेजाऱ्यांचं. बापाच्या खड्ड्याला मुलानं हात लावला तर लोक म्हणतात, याला शेजारी नाहीत की काय. त्यामुळं सोमवारी सकाळी फेस्टी आणि कोलमन फावडी घेऊन मठाकडे आले. राखेच्या डबीला लागतो तो खड्डा हातभर, पण रीत ती रीत. पाहतात तर बार्टली आधीच तिथं, कोट काढून, गुडघ्यापर्यंत चिखलात. डीलियाच्या दगडापासून दोन पावलांवर तो खणत होता.

"दे इकडे ते," फेस्टी म्हणाला. "घरच्यानं खणायचं नसतं."

"घरचं कोण आहे इथं?" बार्टली म्हणाला आणि खणत राहिला.

फेस्टीनं मान खाली घातली. कोलमननं फावडं भिंतीला टेकवलं. हळूहळू गाव जमलं, सगळ्यांनी पाहिलं, आणि सगळ्यांना त्याचा अर्थ समजला. लॉरेनला समजला नसावा. फादरनी प्रार्थना म्हटली. तिनं डबी ठेवली, मूठभर माती टाकली, आणि उरलेली माती बार्टलीनं ओढली, कडा नीट दाबून घेतल्या, जशा शेजाऱ्यानं दाबायच्या असतात.

मग ती त्याच्यापाशी आली. मोठ्या मनानंच आली होती, त्यात शंका नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "बार्टली, मी काल रात्री घरी सगळ्यांशी फोनवर बोलले. भावाशी, मोंटानाच्या चुलत्यांशी. डीलिया इथं राहिल्या तर आमच्यापैकी कोणाचीच हरकत नाही. आणि तुमची वेळ येईल तेव्हा तुम्हीही. आम्ही परवानगी देतो."

परवानगी! फावडं भिंतीवर आपटावं, आत्ताच्या आत्ता डीलियाला उकरून नव्या दफनभूमीत न्यावं, तुमची जागा तुम्हालाच लखलाभ म्हणावं, असं सगळं बार्टलीच्या जिभेवर आलं. त्यानं काळ्या दगडाकडे पाहिलं. सहा वर्षं झाली होती. तिला कसं हलवायचं? आणि तिला हलवायचं नाही, तर आपण मरून कुठं जायचं?

त्यानं टोपी काढली. जागेचा मालक समोर उभा असावा तशी, दोन्ही हातांनी.

"मेहेरबानी झाली, बाईसाहेब," बार्टली म्हणाला.